नावगाव न विचारता

माझ्या निरोपसमारंभात कॉलेजनं मला शाल, नारळ आणि एक पितळी घंटी दिली. शाल-नारळ सगळ्यांनाच मिळतं. घंटी कशासाठी, हे नव्या प्राध्यापकांना कळेना. बाई देवभोळ्या असतील, असा त्यांनी समज करून घेतला. पण ही घंटी पूजेतली नव्हे. शिपायाला बोलवायला टेबलावर असते ना, वरून टिचकी मारली की ‘टिंग’ करणारी, ती. ह्या घंटीनं मी संस्थेच्या अध्यक्षांना भर मुलाखतीत गप्प करत असे. माझ्या नेमणूकपत्रात ह्या कामाचा उल्लेख कुठंही नव्हता.

शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या एका आयुर्वेद महाविद्यालयात मी मुख्य लिपिक होते. मिस्टर रेल्वेत, म्हणून घर दौंडला. मी रोज एसटीनं जाऊन-येऊन. कॉलेजच्या डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस आणि मध्ये दुमजली इमारत. आवारात गुळवेल, शतावरी अशी रोपं लावलेली होती. आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा शेजारच्या शेळ्या त्यांचा अभ्यास जास्त मनापासून करत.

ही हकिकत नव्वदच्या दशकातली, सामायिक प्रवेश परीक्षा यायच्या आधीची. तेव्हा डॉक्टर कोणाला करायचं हे बरंचसं आमच्या हातात होतं, हे आता लिहितानाही थोडं भ्यायला होतं. काही जागा सरकारी नियमानं भरत, काही परस्पर वरच्या वर ठरत. त्या दोन्हींशी माझा संबंध नव्हता. उरलेल्या पंधरा-वीस जागांसाठी बारावीचे मार्क आणि त्यावर मुलाखतीचे गुण, असा हिशेब असे. मार्क तर बहुतेकांचे सारखेच. म्हणजे निकाल लागायचा तो त्या पाच-सहा मिनिटांच्या मुलाखतीत.

समितीत तिघं. अध्यक्ष म्हणजे आबा: बागायतदार, सोसायटीचे जुने चेअरमन, पांढरीशुभ्र टोपी, चहात चार चमचे साखर. दुसरे प्राचार्य, जे आबांनी मान हलवली की स्वतःची हलवत. तिसऱ्या डॉक्टरीणबाई, दौंडला तीस वर्षं दवाखाना चालवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या आणि तिखट जिभेच्या. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मी. प्रत्येक उमेदवाराचा फॉर्म पुढं सरकवायचा, उत्तरं टिपायची आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहायची, एवढं माझं काम. ही ओळ मी फार निगुतीनं लिहीत असे. मी मास्तरांची मुलगी. आमच्या घरी कोणी ‘पानी’ म्हटलं तर त्याला पाणी मिळत नसे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्या शुद्ध बोलण्याला मान होता, आणि तो मला ठाऊकही होता.

आता आबांच्या मुलाखतीची पद्धत सांगते. मूल खुर्चीत बसायच्या आत आबा ओळख काढायला सुरुवात करत.

“कुठलं गाव म्हनायचं?”

“मांडवगण.”

“मांडवगनात कुनाचा? वरल्या आळीचा का खालच्या? आन् मामा कुठलं तुझं?”

मामाचं गाव निघालं की आबांना दुवा सापडे. मग मुलाच्या आजोबांनी कोणत्या बाजारात कोणता बैल घेतला, इथपर्यंत गाडी जाई. मुलगा मोकळा होई, हसे, भराभरा बोले. प्राचार्य लिहीत: ‘आत्मविश्वास उत्तम.’ एकदा एक मुलगा थेट विदर्भातून आला होता. आबा घामाघूम झाले. पण सोडतील तर आबा कसले! त्याच्या चुलत्याची बदली कधीकाळी शिरूरला झाली होती, हे खणून काढल्यावरच ते पाणी प्यायले. ह्यात आबांच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. माणूस कुणाचा हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलायचं कसं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

ज्यांचा दुवा सापडत नसे त्यांचं काय होई, हे मला सुरेखामुळं कळलं.

सुरेखा केंदूरची. तिचं आडनाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्हीही मनातल्या मनात तिची ओळख काढाल. हडकुळी, तेल लावून चप्प बसवलेले केस, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. मार्क चांगले होते.

“वडील काय करत्यात?” आबांनी विचारलं.

“लोकांच्यात कामाला जात्यात.”

“बरं. आन् मामा कुठलं?”

“मामा न्हाईत मला.”

मामाच नाही म्हटल्यावर आबांचा रस्ताच बंद झाला. त्यांनी छताच्या पंख्याकडं पाहिलं, प्राचार्यांनीही पंख्याकडं पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी एक प्रश्न विचारला, पण तोवर पोरगी कागदांची पिशवी आवरायला लागली होती. “बरं, या,” आबा म्हणाले. मी सवयीप्रमाणे शेरा लिहिला आणि पुढचा फॉर्म काढला.

यादी लागली त्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. “म्यॅडम, माझं काय चुकलं? मार्क तर हायेत.” मी म्हटलं, मुलाखतीत कमी पडलीस. ती म्हणाली, “मला तर कुनी काय इचारलंच न्हाई.” मग तिनंच पुढचं सांगितलं. भाऊ शिक्रापूरला खोली घेऊन कंपनीत कामाला होता. तीही तिथंच एका डॉक्टरांकडं ड्रेसिंग करायला राहिली होती. “दादा म्हनलाय, आजून एक वरीस थांबू. त्यातबी न्हाई झालं तर डी.एड.ला नाव घालायचं. मला पोरं शिकवायची न्हाईत वो, मला दवाखान्यातच ऱ्हायचंय.” म्हणजे पुढचा जून हा तिचा शेवटचा डाव होता.

संध्याकाळी एसटीत डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी होत्या. केडगाव आलं तशा त्या म्हणाल्या, “शैलाताई, यंदा आपण कोणाकोणाच्या मामांना प्रवेश दिला?”

दौंड येईपर्यंत आमचा बेत ठरला. पुढच्या वर्षी फॉर्मवर नाव, आडनाव, गाव, बापाचा धंदा, सगळं झाकायचं. उमेदवाराला फक्त नंबर. प्रत्येकाला तेच तीन प्रश्न, त्याच क्रमानं. नावगाव, नातंगोतं विचारायला बंदी. पण हे आबांच्या गळी उतरवणार कोण?

ते डॉक्टरीणबाईंनी केलं, आणि कसं केलं ते ऐकण्यासारखं आहे. न्याय-बिय त्यांनी काढलाच नाही. त्या म्हणाल्या, “आबा, तुम्ही म्हणता माणूस बघताक्षणी ओळखता. पण नावगाव विचारून तर कोणीही ओळखेल. न विचारता ओळखाल?”

आबांनी टोपी सारखी केली. “न्हाई वळाखलं तर नाव बदला माझं.”

“आणि विचारलंत तर?”

“तर काय सांगाल ती शिक्षा.”

शिक्षा ठरली ती अशी: ज्याच्यावर घंटी वाजेल त्याचा पुढचा चहा बिनसाखरेचा. घंटी माझ्या टेबलावर.

पुढचा जून उजाडला. फॉर्मवर मी साधा कागद चिकटवला होता. पहिल्या दहा मिनिटांत आबांनी एक फॉर्म खिडकीच्या उजेडात धरून आडनाव वाचलं. तासाभरात मी एक्स-रेच्या पाकिटातला काळा कागद आणून सगळ्या फॉर्मांवर पट्ट्या मारल्या, तेव्हा कुठं तो मार्ग बंद झाला. पण आबा हिकमती होते. “तुमच्याकडं पाऊस कसा हाय औंदा?” असं त्यांनी प्रेमानं विचारलं. मला वाटलं, विचारपूस करताहेत. मुलगा म्हणाला, “आमच्याकडं कुठला पाऊस, कॅनॉलचं पानी हाय,” आणि पोरगं कोणत्या पट्ट्यातलं ते कळून आबांचे डोळे चमकले. टिंग! मग त्यांनी “कुठल्या गाडीनं आला?” हे काढलं. टिंग! “घरी उसाचा खोडवा हाय का?” टिंग! प्राचार्यांना चेव आला आणि त्यांनी “कुलदैवत कोणतं?” विचारलं. टिंग! एका मुलाला वाटलं तास संपला, तो नमस्कार करून निघालाच. त्याला दारातून परत आणावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आबांवर अकरा घंट्या झाल्या होत्या. बिनसाखरेचा चहा ते औषधासारखा नाक दाबून पीत आणि कप ठेवताना माझ्याकडं असं बघत, की माझी नोकरी गेलीच म्हणून समजावं. पण दुपारनंतर एक गंमत झाली. विचारण्यासारखं काहीच न उरल्यामुळं आबा ऐकायला लागले. पुढं वाकून, कानाशी हात नेऊन.

सुरेखा दुपारनंतर आली. छातीवर नंबर बत्तीस. मी तिला ओळखलं, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला: एक म्हातारी दिलेल्या गोळ्या घेत नाही, तुम्ही काय कराल?

“आधी तिच्या घरी कोन कोन हाय ते बघीन,” ती म्हणाली. “कवा कवा गोळी जेवल्यावर घ्या म्हनत्यात, आन् म्हातारी जेवतच न्हाई सांजच्याला. मग ती गोळी तशीच ठिवती. आपन म्हनतो ऐकत न्हाई. तिला आधी भाकरीचं इचाराया पायजे.”

आबांनी “व्हय, व्हय” म्हणून मान डोलावली. घंटी वाजवायचं कारण नव्हतं. मला वाटलं, झालं काम.

चाळीस जणांच्या मुलाखती संपल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. आता गुण द्यायचे. आमची रीत अशी, की गुण शेवटी एकदमच द्यायचे. चाळीस चेहरे कोणाच्या लक्षात राहणार? मी वहीतून नंबर आणि शेरा वाचायचा, तिघांनी गुण सांगायचे. तासाभरात यादी तयार झाली. सुरेखा दोन गुणांनी बाहेर होती.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, अभिमानच जास्त वाटला. यादी स्वच्छ होती. पट्ट्या मारल्या, घंटी वाजवली, कोणाच्या मामाचा हात तिला लागला नव्हता. आता पोरगी दोन गुणांनी कमी पडली त्याला कोण काय करणार? मी यादी सहीला पुढं केली. आबांनी आणि प्राचार्यांनी सही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वही द्या जरा. उद्या सकाळी करते सही.”

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या गाडीनं कॉलेजात माझ्या आधी हजर. वही माझ्यापुढं ठेवली. शेऱ्याच्या रकान्यात जागोजाग पेन्सिलीची फुली होती.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

मी वाचलं. ‘बोलणे शुद्ध, स्पष्ट.’ ‘उच्चार चांगले.’ ह्यांना फुली नव्हती. मग फुल्या: ‘भाषा ग्रामीण, अशुद्ध.’ ‘उच्चार अशुद्ध.’ बत्तीस नंबर: ‘आशय बरा. भाषा अशुद्ध.’

“फुली मारलेले सात जण,” त्या म्हणाल्या. “सातही यादीच्या बाहेर. मागच्या वर्षीचीही पानं बघितली मी. तिथंही तेच. शैलाताई, काल काळी पट्टी मारून आपण जे जे झाकलं, ते सगळं तुम्ही ह्या एका शब्दात परत लिहून दिलंत.”

मी म्हटलं, “पण डॉक्टरला नीट बोलता नको का यायला?” हे वाक्य माझ्या तोंडून निघालं ते मला अजून टोचतं.

“कोणाशी नीट? तुमच्याशी, का त्या म्हातारीशी?”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मी आदला अख्खा दिवस आबांवर घंटी धरून बसले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडायच्या आत ओळखत होते की आता मामा येणार. आणि माझ्याच हातातलं पेन मला दिसलं नव्हतं. वर गंमत अशी, की माझ्या सासूबाई तशाच बोलत. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘कवा’. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली होती. तेव्हा मी त्यांचे उच्चार तपासले नव्हते.

हे आबांना सांगणं भाग होतं. सही झालेली यादी मोडायची म्हणजे अध्यक्षांची परवानगी हवी, आणि यादी लावायला चार दिवस उरले होते. आबा व्हरांड्यात पान लावत बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझ्या शेऱ्यांमुळं सात जणांवर अन्याय झाला, त्यांना पुन्हा बोलवावं लागेल, मला काय शिक्षा करायची ती करा. आबांनी सुपारी कातरायची थांबवली. वही मागून घेतली, बोट लावून एकेक फुली वाचली.

“अशुद्ध म्हंजी माझ्यावानी बोलत्यात ती पोरं?”

मी मान खाली घातली.

आबा असे हसले, की आवारातल्या शेळ्या पळाल्या. “आरं किसन!” त्यांनी शिपायाला हाक मारली. “च्या आन रं. म्याडमचा बिनसाखरंचा!”

तो चहा मी व्हरांड्यात सगळ्यांसमोर प्यायले. आबांनी एवढं हसून घेतलं नसतं, रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं. चहा संपल्यावर ते गंभीर झाले. “बोलवा समद्यांस्नी. परवाच्याला.”

सात जणांना दोन दिवसांत गाठायचं कसं? त्या काळी आमचं खरं पोस्ट म्हणजे एसटीचा कंडक्टर. शिरूरच्या स्टँडवर जाऊन मी पाच चिठ्ठ्या पाच गाड्यांच्या कंडक्टरांच्या हाती दिल्या. त्यांनी त्या गावोगावच्या फाट्यावर चहावाल्याकडं पोचत्या केल्या. एका गावात ग्रामपंचायतीत फोन लावला. शिक्रापूरला मात्र मी स्वतः गेले.

हमरस्त्याला ट्रकांची रांग, रांगेमागं तो दवाखाना. सुरेखा एका क्लीनरच्या अंगठ्याला पट्टी बांधत होती आणि हिंदीत त्याला दम भरत होती, “भैया, पानी में हात डाला तो मेरे पास आने का नै!” तो निमूट मान हलवत होता. मी बाकड्यावर बसून राहिले. तिचं काम झाल्यावर म्हटलं, “सुरेखा, चूक माझ्याकडून झाली. तुझ्या बोलण्याबद्दल मी नको ते लिहिलं. परवा परत यायचं आहे.”

तिनं उरलेलं बँडेज गुंडाळून ठेवलं. माझ्यावर चिडायचा तिला पूर्ण हक्क होता. मग म्हणाली, “मंग मी आता कसं बोलायचं? तुमच्यावानी?”

“नाही. काल बोललीस तसंच.”

“आन् ती घंटी तेवढी लांब ठिवा. दचाकते मी.”

परवाच्या दिवशी सात जणांतले सहा आले. ह्या वेळी शेऱ्याचा रकाना मी पट्टी घेऊन सरळ रेघेनं काटून टाकला होता. उमेदवार बाहेर पडला, की तिघांनी एकमेकांशी न बोलता तिथल्या तिथं चिठ्ठीवर गुण लिहायचे आणि ती पालथी ठेवायची, असं केलं. मी एक अक्षरही टिपलं नाही. हात मांडीवर घेऊन बसले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं अवघड काम मी दुसरं केलं नाही.

सहांतले तिघं यादीत आले. बत्तीस नंबर त्यांत वरून दुसरा होता.

सह्या झाल्यावर आबांनी स्वतः नखानं काळ्या पट्ट्या खरवडल्या. “केंदूर!” ते ओरडले. “आरं, ही तर ती, मामा नसल्याली!” प्रवेश घ्यायला सुरेखा आणि तिचा भाऊ आले, तेव्हा आबांनी दोघांना समोर बसवलं. आता बंदी नव्हती. अर्ध्या तासात शोध लागला, की तिच्या आजोबांनी आबांच्या मळ्यातली विहीर खांदली होती. “आरं तिच्या, मंग तू आमचीच की!” आबा म्हणाले आणि तिला पेढा दिला. मी खिडकीतून बघत होते. हा दुवा पहिल्याच वर्षी सापडला असता तर आबांनी तिला आत घेतलं असतं, का विहीर खांदणाऱ्याची नात म्हणून आणखी लवकर बाहेर काढलं असतं? मला नाही सांगता येत. आबांनाही आलं नसतं.

जो सातवा आला नाही, त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. चिठ्ठी पोचली त्याच्या आदल्या दिवशी तो रांजणगावच्या एका कंपनीत रुजू झाला होता. त्याची उत्तरं मला आठवत नाहीत. कारण ती मी नीट ऐकलीच नव्हती, उच्चारच ऐकत बसले होते. आणि त्याआधीच्या वर्षीची पोरं? त्यांना तर आम्ही चिठ्ठीसुद्धा पाठवली नाही. ती यादी केव्हाच लागून गेली होती. त्या पोरांची माफी मी इथं मागते, दुसरीकडं कुठं मागायची मला माहीत नाही.

पुढं सामायिक परीक्षा आली, मुलाखती बंद झाल्या, घंटी ऑफिसातल्या कपाटात गेली. आबा गेले. डॉक्टरीणबाईही गेल्या.

मागच्या महिन्यात मी गुडघे दाखवायला शिक्रापूरला गेले होते. दौंडला डॉक्टर नाहीत का, असं मुलगा म्हणतो. मी ऐकत नाही. सुरेखाचा दवाखाना आता तिचा स्वतःचा आहे, त्याच हमरस्त्याला. माझ्या आधी एक म्हातारी आत होती, खेड्यातून आलेली, अंग चोरून बसलेली, काय होतंय तेही सांगेना. दार उघडंच होतं.

“आज्जे, कुठलं गाव म्हनायचं?” डॉक्टर विचारत होत्या. “कुनाची तू? आन् माह्यार कुठलं?”

म्हातारीनं माहेर सांगितलं. डॉक्टरांनी तिथलं एक नाव घेतलं. म्हातारी खुर्चीत सरसावून बसली, पदर सारखा केला आणि धडाधडा बोलायला लागली. सून, गुडघा, रात्रीची धाप, सगळं.

माझं बोट आपोआप बाकड्याच्या कडेवर टिचकी मारून गेलं.

सुरेखाला ते दिसलं. म्हातारी गेल्यावर ती दारात येऊन हसत म्हणाली, “म्यॅडम, हितं घंटी न्हाई वाजवायची. दारात अडवून इचारू नये. आत बसवल्यावर इचारलंच पायजे.”

मग तिनं मला आत बसवलं, माझे रक्ताचे रिपोर्ट पुढं ओढले, वाचले आणि बाहेर हाक मारली, “दोन च्या आना. म्यॅडमचा बिनसाखरंचा.”